सराफ्याच्या कढईवरून गुरूकडे

जानेवारीत पुण्याहून इंदूरला आत्याकडे निघाले तेव्हा कपड्यांपेक्षा दुर्बिणीचीच काळजी जास्त. 6 इंची नळी रात्रभर बर्थवर उशाशी घेऊन झोपले. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, एवढी ख्याती, तर त्या रात्री गुरू बघायचा, एवढाच बेत.

पहिल्याच रात्री आठला गच्चीवर मांडामांड केली आणि हिरमोड झाला. गुरू पूर्वेला अजून खालीच होता, दिवसभर ऊन खाल्लेली गच्ची ऊब सोडत होती. त्याची कडा नुसती उकळत होती, पट्टे दिसायचे नि पुसले जायचे. “अगं, बिघडली की काय?” आत्या म्हणाली. दुर्बीण ठणठणीत होती, थरथरत होती ती हवा. झाकण लावून ती तिथेच गार व्हायला ठेवली आणि आम्ही सराफ्याला, रात्रीच्या खाऊबाजारात गेलो.

गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या कढईसमोर उभी होते. पलीकडे सोन्याचांदीच्या बंद दुकानाची पाटी. कढईवरून बघितलं की तिची अक्षरं लहरायची, दोन पावलं बाजूला सरकलं की जागच्या जागी! आत्याला हाताला धरून दोन्हीकडे उभं केलं. गरम आणि गार हवा प्रकाशाला कमीजास्त वाकवते, आणि ती सारखी मिसळत असते.

डोंगरमाथ्यावर गेलं तरी वरच्या हवेपासून सुटका नाही. चिलीतल्या व्हीएलटी या महाकाय दुर्बिणींच्या संचाचे आरसे 8.2 मीटरचे, पण ही थरथर तशीच राहिली तर त्यांनाही माझ्या दुर्बिणीपेक्षा फारसं बारीक दिसत नाही. मग आरसाच हवेप्रमाणे वाकवायचा! अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी ही कल्पना 1953 मध्ये मांडली. सुमारे 90 किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात लेसरने कृत्रिम तारा उजळायचा, त्याचा प्रकाश किती वेडावाकडा होऊन येतो ते मोजायचं आणि आरशाला तेवढाच उलटा बाक द्यायचा, सेकंदाला हजारएक वेळा. व्हीएलटीच्या एका दुर्बिणीतला असा वाकणारा दुसरा, लहान आरसा जेमतेम 2 मिलिमीटर जाड आहे, त्याला आकार देणाऱ्या कळा 1,170. आमच्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेनेही अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर ‘रोबो-एओ’ ही अशीच यंत्रणा उभारली, याचा मला फार अभिमान आहे.

दोन वाजता परतलो. गच्ची पायाला गार लागली, गुरूही चांगला वर आला होता. आत्या शाल गुंडाळून स्टुलावर बसली. बराच वेळ बोलली नाही.

“थांबला बघ... दोन पट्टे... गेले.”

आणि डोळा न काढता पुन्हा वाट बघत राहिली.