ट्रॉम्सोचा ऑरोरा: डोळ्यांना दिसला तसा टिपताना

ऑरोराचे, म्हणजे ध्रुवाजवळच्या रात्रीच्या आकाशात हलणाऱ्या रंगीत ध्रुवीय प्रकाशाचे, फोटो काढायचे म्हणून मी आणि बाबा मार्चमध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेलो. मार्च विचार करूनच निवडला होता. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे अंधार भरपूर मिळतो. पण मार्चमध्ये दिवसा लख्ख उजेड असतो आणि रात्री जिथे ट्रायपॉड लावायचा ती जागा दुपारीच पाहून ठेवता येते. शिवाय विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची स्थिती अशी असते की सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताची, ऊर्जा जास्त सहज आत शिरते आणि ऑरोराची शक्यता वाढते. एप्रिल अर्धा सरला की मात्र रात्र पुरती काळी होतच नाही. व्हिसा आणि तिकिटांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी सरळ आकाशाकडे वळते.

सराव आधीच करून घेतला होता. हिवाळ्यात अमावास्येच्या सुमारास भंडारदऱ्याला जायचं, जाड हातमोजे घालायचे आणि कॅमेरा न बघता चालवायचा. शटरचं चाक कुठलं, आयएसओचं (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा त्याचं) बटण कुठलं, ट्रायपॉडचा पाय किती वळवला की सुटतो, हे सगळं बोटांना पाठ झालं पाहिजे. उणे पंधरा-अठराच्या थंडीत उघडी बोटं दोन-तीन मिनिटांत बधिर होतात, तेव्हा मेनूमध्ये शोधत बसायला वेळ नसतो. कुणी मला तयारीचं विचारलं तर मी लेन्सच्या आधी हे सांगते.

तिथे गेल्यावर पहिली लढाई ढगांशी असते. ट्रॉम्सो इतकं उत्तरेला असूनही गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यामुळे तिथली थंडी बेताची असते, पण त्याच समुद्रावरून येणारी ओलसर हवा किनाऱ्याच्या डोंगरांवर ढग होऊन बसते. येणारी बरीच मंडळी मोबाइलवर केपीचा आकडा बघत राहतात. केपी ही चुंबकीय हालचाल मोजायची ० ते ९ अशी पट्टी आहे. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना तिचा खूप उपयोग. ट्रॉम्सो मात्र ऑरोराच्या वलयाच्या, म्हणजे चुंबकीय ध्रुवाभोवती ऑरोरा नेहमी दिसतो त्या पट्ट्याच्या, अगदी खाली येतं, त्यामुळे केपी १ किंवा २ असतानाही तिथे सुरेख ऑरोरा दिसतो, आणि केपी ५ असला तरी वर ढग असतील तर काहीच दिसत नाही. आधी ढगांचा नकाशा, मग बाकी सगळं.

आमचा स्थानिक गाइड हेच करत होता. संध्याकाळी त्याने उपग्रहाची ढगांची चित्रं पाहिली आणि पश्चिमेला क्वालोया बेटाच्या किनाऱ्याकडे जायचा बेत रद्द केला. ई८ रस्त्याने दीड-दोन तास आत, शिबोतनला जायचं ठरलं. लिंगेन आल्प्सच्या रांगा समुद्राकडून येणारे ढग अडवतात आणि त्यांच्या पलीकडचा शिबोतनचा भाग कोरडा राहतो. आपल्याकडे सह्याद्री ओलांडून माण-खटावकडे गेलं की पाऊस तुटतो, त्यातलाच प्रकार. तिथेही ढग असते तर तसंच पुढे फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीपर्यंत जायची त्याची तयारी होती.

गाडीत तो दुसराही एक आकडा पाहत होता, बीझेड. सूर्याच्या दिशेने पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उपग्रह आहेत, ते तिथून जाणारा सौरवारा मोजतात. त्या वाऱ्यासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलं, म्हणजे बीझेड उणे झाला, की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं. तो वारा आपल्यापर्यंत यायला साधारण तासभर लागतो, वेगवान असेल तर त्याहून कमी. म्हणजे ट्रायपॉड लावून, फोकस करून तयार राहण्यापुरती आगाऊ सूचना मिळते. मला केपीपेक्षा हा आकडा कितीतरी विश्वासाचा वाटला.

शिबोतनला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. आकाश स्वच्छ. शुक्ल पक्षातली कोर पश्चिमेला कललेली, तिच्या उजेडात बर्फाचे उतार फिकट दिसत होते. बाबांनी सवयीने सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला मान वर केली आणि ते थांबलेच. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर, समोरच्या इमारतीमागे कुठेतरी असतो. इथे तो जवळजवळ ७० अंशांवर, डोक्यावर आलेला. आपण ज्या अक्षांशावर उभे असू तितकाच ध्रुव वर दिसतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण मान मागे टाकून तो बघताना आपण किती वर आलोय ते अंगाला कळतं.

फोकसला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबून चालत नाही. खरं अनंत त्या खुणेच्या जरा अलीकडे-पलीकडे असतं आणि थंडीने धातू आकसला की तेही सरकतं. ऑटोफोकस बंद, स्थिरीकरण बंद. मागच्या पडद्यावर एक ठळक तारा घेतला, तो दहापट मोठा केला आणि रिंग केसाच्या अंतराने फिरवत राहिले. तारा आधी बोराएवढा दिसतो, मग आक्रसत टाचणीच्या टोकाएवढा होतो, मग पुन्हा फुगायला लागतो. उत्तम फोकसच्या एका बाजूला ताऱ्याभोवती जांभळट कड दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट; दोन्ही नाहीशा होतात तिथे थांबायचं. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी. तासाभराने तापमान आणखी उतरलं तेव्हा पट्टी काढून सगळं पुन्हा केलं. लेन्सवरचा फिल्टरही काढून ठेवायचा. ऑरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने फिल्टरच्या सपाट काचेमुळे फोटोच्या मध्यभागी वर्तुळांची नक्षी उमटते आणि ती नंतर कशाने जात नाही.

नऊच्या सुमारास उत्तरेला एक फिकट कमान आली. बाबा म्हणाले, “अगं, ढग आला की काय?”

“ढग नाही बाबा, जरा थांबा,” म्हणून मी एक फोटो घेतला. पडद्यावर कमान हिरवीगार. बाबा एकदा पडद्याकडे, एकदा आकाशाकडे बघत होते. “पण मला तर राखाडी दिसतंय.”

ते बरोबरच बोलत होते. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, फक्त उजेड-अंधार कळणाऱ्या पेशी करतात. कॅमेऱ्याला ही अडचण नाही; तो काही सेकंद प्रकाश साठवतो आणि रंग दाखवतो. बाबांची उभी हयात वीज मंडळात गेलेली. हिरवा का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की सूर्याकडून आलेल्या ऊर्जेमुळे इलेक्ट्रॉन वातावरणात जोरात घुसतात आणि ऑक्सिजनचे अणू उत्तेजित होऊन ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतात. ते लगेच म्हणाले, “म्हणजे रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्यासारखंच की. आत जो वायू, त्याचाच रंग.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

ऑरोराच्या फोटोंबद्दल माझं मत त्या रात्री पक्कं झालं. साधारणपणे सांगतात की १५ सेकंद शटर उघडं ठेवा. तसं केलं की फोटो उजळ येतो, रंग भडक येतो आणि ऑरोरा हरवतो. त्याच्या बारीक उभ्या रेघा, त्याच्या घड्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणारी लाट, सगळं एकमेकांत मिसळून हिरवा लगदा होतो. आपल्या डोळ्यांनी रंग कमी पाहिला, पण आकार आणि चाल पुरेपूर पाहिली. फोटोत नेमकं उलटं होतं. मला आकार हवा होता. म्हणून कमान संथ होती तेव्हा ६ सेकंद, तिच्यात हालचाल सुरू झाल्यावर २ आणि पुढे १ सेकंद. कमी झालेला प्रकाश एफ १.८ची, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स आणि वाढवलेला आयएसओ भरून काढतात. थोडे दाणे येतात, ते येऊ द्यावेत.

यामागे भौतिकशास्त्रही आहे आणि मला ते फार आवडतं. हिरवा प्रकाश १००-१५० किलोमीटर उंचीवर तयार होतो आणि उत्तेजित झालेला ऑक्सिजनचा अणू एका सेकंदाच्या आत तो सोडून मोकळा होतो. लाल प्रकाशही ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा इतकी विरळ असते की अणू दुसऱ्याला न धडकता मिनिटभराहून जास्त काळ तसाच राहू शकतो. म्हणून लाल भाग नेहमी पसरट आणि धूसर. त्याला लांब एक्स्पोजर चालतं. हिरव्याची घडी टिपायची तर शटरही त्याच्याच वेगाचं हवं. १०-११ मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात कॅमेऱ्यांनी टिपलेला ऑरोरा लाल होता, तो याच कारणाने: इतक्या दक्षिणेकडून फक्त वरचा, लाल थर क्षितिजाच्या वर दिसतो, हिरवा पृथ्वीच्या वक्रतेआड जातो.

शिबोतनहून आणखी पुढे आल्टाजवळच्या बोसेकोपला मार्टिन ब्रेंडेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ऑरोराचा पहिला फोटो काढला. पुढे नॉर्वेच्या कार्ल स्टोर्मर यांनी टेलिफोनने जोडलेल्या दोन दूरच्या ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो घेतले आणि मागच्या ताऱ्यांच्या आधाराने ऑरोराची उंची काढली. त्या काळच्या काचेच्या प्लेटा, ती थंडी, आणि तरीही मोजमापाला उपयोगी पडेल असा फोटो. हे कळल्यापासून मीही माझ्या फोटोत तारे स्वच्छ येतील याची काळजी घेते.

साडेदहानंतर बीझेड उणे होऊन बराच वेळ झाला होता. कमानीची खालची कड अचानक उजळली, पूर्वेकडून पश्चिमेकडे लाट धावली आणि काही क्षणांत आकाशाचा उत्तरेचा अर्धा भाग हलायला लागला. आता रंग डोळ्यांनाही दिसत होता, बाबांनाही दिसला. खालच्या कडेला गुलाबी किनार होती, ती नायट्रोजनची. इलेक्ट्रॉन १०० किलोमीटरच्याही खाली पोहोचतात तेव्हा दिसते. बर्फावर हिरवा उजेड पडला आणि बाबांच्या कानटोपीची लोकर, भुवयांवर जमलेलं दव, सगळं त्या उजेडात दिसायला लागलं. मी आयएसओ १६०० वर आणला, शटर अर्ध्या सेकंदापर्यंत खाली. हा बदल मागचा पडदा बघून केला नाही. अंधारात पडदा नेहमी जास्तच उजळ भासतो. फोटोतल्या उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) बघायचा, आणि त्यातही हिरव्याचा आलेख उजवीकडे भिंतीला टेकू द्यायचा नाही, नाहीतर तो भाग जास्त उजळून तपशील जातो. मग किरणं डोक्यावर एका बिंदूतून चहूकडे फाकली. ती चुंबकीय रेषांना समांतर असतात, आपण बरोबर त्यांच्या खाली उभे असलो की अशी दिसतात. कॅमेरा सरळ वर वळवून मी घेता येतील तेवढे फोटो घेतले. मिनिटभरात ते विरलं, आणि नंतर आकाशभर मंद ठिपके उघडझाप करत राहिले.

थंडीची काळजी थोडक्यात सांगते. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. लेन्सभोवती रबर बँडने हातगरम पाकीट बांधलं, म्हणजे काचेवर दव गोठत नाही. कॅमेऱ्याकडे तोंड करून श्वास सोडायचा नाही. गाडीत किंवा खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घट्ट बंद करायचा आणि पुरता तापेपर्यंत उघडायचा नाही. नाहीतर गार काचेवर आणि आत सर्किटवर लगेच पाणी धरतं. मेमरी कार्ड बाहेरच काढून घेतलं, म्हणून रात्रीच फोटो बघता आले.

फोटो सारखे करायला बसले तेव्हा बाबांना शेजारी बसवलं. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमध्ये, रंग हवा तेवढा वाढवता येतो, आणि हात तिकडे जातोच. बाबा म्हणायचे, “एवढं हिरवं नव्हतं गं.” मी कमी करायचे. “आता जरा जास्तच मेलंय.” पुन्हा थोडं वर. ज्या माणसाने ते आकाश डोळ्यांनी पाहिलंय, तो शेजारी असला की संगणकावरच्या कुठल्याही मोजमापापेक्षा जास्त उपयोग होतो, असं माझं ठाम मत आहे. आकाशात अजून हालचाल वाढायची होती तेव्हाची, घडी पडत असलेल्या कमानीची एक प्रत बाबांनी मोठी छापून घेतली. तिचे आकडे बरेच जण विचारतात: २० मिमी, एफ १.८, २ सेकंद, आयएसओ ३२००, व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ३८०० केल्विन. चंद्र मोठा असेल तर आयएसओ निम्मा करा, शटर तेवढंच राहू द्या.