भाकरी उलटेपर्यंत

रविवार, रात्री साडेअकरा

जळगावहून आत्ताच आले. अंगावरची गरम हवा अजून उतरली नाही, पण हे लिहूनच झोपायचं आहे.

एका हॉटेलच्या गच्चीवर स्टँडअप कॉमेडीचा ओपन माइक होता, म्हणजे कोणीही नाव द्यावं आणि विनोद सांगावेत. तीस-पस्तीस प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन कूलर, प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिल्या तिघांचं ऐकून फार काही हाती लागलं नाही. तिघंही मोबाइलवर पाहिलेल्या मुंबईच्या मुलांसारखं बोलत होते, हातवारेसुद्धा तेच. चौथा मुलगा भुसावळचा. माइक हातात घेऊन तो आधी नुसता उभा राहिला. मग आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत म्हणाला, "अख्ख्या भारतानं भुसावळ पाहेल शे." थांबला. "रात्री दोनले. खिडकीतून." लोक हसले. हसणं ओसरेपर्यंत तो गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मी तठेच ऱ्हास असं सांगं, तं इचारतंस, काब्रं?" म्हणजे, मी तिथेच राहतो म्हटलं की विचारतात, का?

मी खूप हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. का आलं, ते बसमध्ये येताना उलगडत गेलं.

पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा मैत्रिणी मला "काय करी राहिनी?" असं बोलून दाखवायला सांगायच्या. मी बोलायचे, त्या लोळून हसायच्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण दोन वर्षांत मी अहिराणी फक्त हसवण्यापुरती बोलायला लागले आणि घरी फोनवर आईशी पुस्तकी मराठी. तिथे अहिराणी हाच विनोद होता. आज गच्चीवर विनोद अहिराणीत होता, आणि हसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ती बोलली जाते.

विनोदाची जाण कुठून येते, याचा मी बराच विचार केला आहे. २००५ मध्ये टीव्हीवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते. सुनील पाल जिंकले, हिंगणघाटचे, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राचे, याचा आम्हाला कोण आनंद! वर्षभर मी वर्गात त्यांची नक्कल केली. पप्पांकडे लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट होती. एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करतो, हे मला तेव्हा जादूसारखं वाटायचं. त्यातली गावाकडची बोली ऐकताना पप्पांचा चेहरा खुलायचा, तो मला कॅसेटपेक्षा जास्त आठवतो. पुढे स्टँडअपवाला झाकीर खान ऐकला. इंदूरचा, म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडनं सरळ वर गेलं की त्याचं गाव. त्यानं आपल्या बोलण्यातलं इंदूर पुसलं नाही, आणि तेच मला सगळ्यात आवडलं.

पण हे सगळं नंतरचं. मला हसायला शिकवलं ते चुलीपाशी बसलेल्या बायांनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्या झोक्यावर बसून गाण्यात सासरच्यांची अशी काही खेचायच्या की गल्ली गोळा व्हायची. वर्षभर ज्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांचंच नाव गाण्यात! ते हसू किती साठलेलं असायचं, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

आणि आजी. तिला विनोद सांगायची घाई कधीच नसायची. एकदा धुळ्याचे काका आले, पोट सुटलेलं, आणि ऐटीत म्हणाले, "माय, मी भाकर सोडी दिन्ही." आजी कळण्याची भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, धूर डोळ्यांत जात होता म्हणून पदर लावला. काका उत्तराची वाट पाहत होते, आम्ही सगळेच पाहत होतो. मग त्यांच्या पोटाकडे न बघताच ती म्हणाली, "बापू, तू सोडी दिन्ही, पन तिनी तुले सोडं नही आजून."

काकाच सगळ्यात मोठ्यानं हसले आणि दोन भाकरी खाऊन उठले.

स्टँडअपवाले ज्याला टायमिंग म्हणतात, ते मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. तिची वाक्यं मला पाठ आहेत, पण ती वाक्यं म्हणजे ती नव्हे, हे आज त्या मुलाच्या गप्प राहण्यावरून जाणवलं.

पुढच्या महिन्यात मीही नाव देणार आहे. पाच मिनिटं, आणि अहिराणीतच.

घरी आल्यावर आई जागीच होती. तिला भाकरीचा किस्सा स्टेजवर सांगेन तसा उभं राहून सांगितला. तिनं शेवटपर्यंत नीट ऐकला. हसली, पण थोडंच.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"तू पाण्याचा हात फिरवला आन लगेच बोलनी," आई म्हणाली. "त्या पहिले भाकर उलटायच्या. मंग बोलायच्या."