तुम्ही विचारलंत म्हणून: वर्किंग मेमरी म्हणजेच जाणीव का?

मी मानसशास्त्र शिकवते असं कळलं की बाहेरचे लोक स्वप्नांचे अर्थ विचारतात. वर्गात मात्र स्मृतीचा धडा संपला की एक वेगळाच प्रश्न हमखास येतो: "मॅडम, वर्किंग मेमरी म्हणजेच जाणीव, असं सरळ म्हटलं तर काय बिघडतं?"

मोह पडावा असाच प्रश्न आहे. वर्किंग मेमरी म्हणजे आत्ता लागणारी माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणारी स्मृती. फोनवर आलेला ओटीपी टाइप होईपर्यंत आपण मनात घोकत राहतो, तेव्हा ते आकडे वर्किंग मेमरीत असतात आणि जाणिवेतही. दोन्हीकडे जागेची टंचाई. एका वेळी मनात किती गोष्टी मावतात, यासाठी मानसशास्त्रज्ञ मिलरने 1956 मध्ये साताच्या आसपासचा आकडा सांगितला, 2001 मध्ये कोवन या मानसशास्त्रज्ञाने तो चारावर आणला. एका वेळी मनात फार मावत नाही, हे सांगायला खरं तर कुणी संशोधक लागत नाही. मानसशास्त्रज्ञ बार्सने 1988 मध्ये तर जाणिवेची कल्पनाच रंगमंचासारखी मांडली. प्रकाशझोतात येईल ते मेंदूभर जाहीर होतं, बाकी सगळं अंधारात. या मांडणीत वर्किंग मेमरी आणि जाणीव अगदी खेटून उभ्या आहेत.

पण 1960 चा स्पर्लिंगचा प्रयोग बघा. पडद्यावर तीन ओळींत बारा अक्षरं, तीही सेकंदाच्या विसाव्या भागापुरती. काय दिसलं ते सांगा म्हटलं की लोक चार-पाच अक्षरं सांगून थांबत. वर तक्रार करत की दिसली सगळीच होती, सांगता सांगता विरून गेली. स्पर्लिंगने ही तक्रार झटकून टाकली नाही, मला त्याचं हेच कौतुक वाटतं. अक्षरं नाहीशी झाल्यावर त्याने एक सूर वाजवला: उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता लोक विचारलेल्या ओळीतली चारपैकी तीन अक्षरं सांगू लागले. कुठली ओळ विचारणार हे आधी ठाऊक नसताना! म्हणजे त्या क्षणी नऊएक अक्षरं तरी हाताशी होती. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की हा फायदा संपला.

नेड ब्लॉक हा तत्त्वज्ञ यावरून म्हणतो की अनुभव वर्किंग मेमरीत मावत नाही, तो ओसंडून वाहतो. विरोधकांचं म्हणणं असं, की अक्षरं तपशीलवार दिसलेलीच नसतात. 'सगळं दिसलं' हा नुसता भास. मला ब्लॉकची बाजू पटते, पण विरोधकांना खोटं पाडेल असा पुरावा त्याच्याकडेही नाही.

उलट्या बाजूनेही गाठ सैल होते. 2011 मध्ये सोटो आणि सहकाऱ्यांनी लोकांना तिरप्या रेघांचा एक ठिपका इतका ओझरता दाखवला, की अनेकदा 'काहीच दिसलं नाही' असं उत्तर आलं. काही सेकंदांनी दुसरा, स्पष्ट ठिपका दाखवून विचारलं, आधीच्यापेक्षा हा कुठल्या बाजूला कललाय? न दिसल्याचं सांगणाऱ्यांचीही उत्तरं नुसत्या अंदाजपंचेपेक्षा जास्त बरोबर आली. म्हणजे काहीतरी धरून ठेवलं होतं, पण धरणाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता. यावरही टीका झाली: माणसाने सुरुवातीलाच मनाशी अंदाज बांधला असेल आणि तो अंदाज जाणिवेत ठेवला असेल. टीका रास्त आहे.

मला स्वतःला जास्त बोलकं वाटतं ते के. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचं उदाहरण. शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी 1970 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ऐकलेले आकडे परत म्हणायला सांगितले तर एक-दोनच्या पुढे गाडी जात नसे. तरी तो तुमच्याआमच्यासारखाच जागा, भानावर असलेला माणूस होता. अर्थात त्याचं बिघडलं होतं ते मुख्यतः ऐकलेलं धरून ठेवणं. डोळ्यांनी पाहिलेलं त्याला त्याहून बरं धरता येई. त्यामुळे त्याच्यावरून एवढंच म्हणता येतं की वर्किंग मेमरीचा एक अख्खा कप्पा जवळजवळ रिकामा झाला तरी जाणीव तेवढी आक्रसत नाही.

खरी अडचण मापनाची आहे. तुम्हाला काय जाणवलं हे मला कळतं ते तुम्ही सांगितल्यावर, आणि सांगायला ते क्षणभर धरून ठेवावं लागतं. म्हणजे जाणिवेची प्रत्येक साक्ष वर्किंग मेमरीच्या दारातूनच बाहेर येते. मग दोन्ही एकच वाटल्या तर नवल काय?

यावर उपाय म्हणून न विचारता मोजायचे प्रयोग निघाले. दोन डोळ्यांना दोन वेगळी, सरकती चित्रं दाखवली की कधी एक दिसतं, कधी दुसरं, आणि कुठलं दिसतंय हे बुबुळांच्या हालचालीवरूनच ताडता येतं. 2014 मध्ये फ्रेसले आणि सहकाऱ्यांनी बटण दाबायची अटच काढून टाकली, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातली बरीचशी हालचाल मावळली. ती अनुभवाची नसून अनुभव कळवण्याची होती, असा त्याचा अर्थ लावतात. त्यावर ब्लॉकचाच आक्षेप आहे: बटण नसलं तरी माणूस 'अरे, चित्र बदललं' असं मनातल्या मनात म्हणतच असेल की! ते म्हणणं थांबवायला कुणाला कसं सांगायचं?