तुम्ही विचारलंत म्हणून: परभणीच्या उन्हाळ्यात रेकॉर्डी ठेवायच्या कशा

"एवढ्या रेकॉर्डी, आणि आपला हा उन्हाळा. वाकत नाहीत का?" घरी गाणं ऐकायला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. अलीकडे त्याला जोडून दुसरा प्रश्नही येतो. आजोबांच्या तबकड्या गावच्या वाड्यात पडून होत्या, वाटणीत आमच्याकडे आल्या, आता त्या कुठं ठेवू? दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच असतं: आधी भिंत ठरवा, कपाट नंतर.

रेकॉर्डी जपण्याबद्दल जे सल्ले ऐकायला मिळतात ते बहुतेक मुंबई-कोकणाकडच्या हवेतले असतात. ओल, बुरशी, फुगलेली कव्हरं. आपल्याकडे तोही त्रास होतो, पण पावसाळ्यापुरता. आपला खरा वैरी मे महिना. परभणीत पारा 43-44 वर जातो आणि रात्रीही घर निवत नाही. एलपी, म्हणजे बारा इंची मोठी रेकॉर्ड, असते विनाइलची, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची, आणि ती साधारण 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. घरातली खोली काही 60 अंशांवर जात नाही. मग रेकॉर्ड वाकते कशी? ती तिरकी टेकलेली असते म्हणून. चाळीस अंशांच्या खोलीत महिना-दीड महिना कलून उभी राहिलेली रेकॉर्ड स्वतःच्या आणि शेजारणींच्या भारानं हळूहळू बाक धरते. वरून काही कळत नाही. मृगाच्या सुमारास काढून लावली की सुई वरखाली होताना दिसते. खोलीतली नुसती उष्णता रेकॉर्डीचं फार वाकडं करत नाही. उष्णता आणि कलणं एकत्र आलं की ती गेली. उन्हाळ्याचं आपण थोडंच काही करू शकतो, कलणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

तर भिंत. पश्चिमेची नको आणि दक्षिणेचीही नको. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असते. मे महिन्यात रात्री नऊ वाजता घरातल्या भिंतींवर एकेक करून तळहात टेकवून बघा, कुठली भिंत धरायची ते लगेच कळेल. घराच्या पोटातली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यांत चांगली. खिडकीतून ऊन येतं तिच्या आसपास काही नको, काळी तबकडी उन्हात काही मिनिटांत किती तापते याची कल्पना येत नाही. आणि माळ्यावर तर अजिबात नको. आपल्याकडे जुनं सामान माळ्यावर टाकायची सवय आहे, पण स्लॅबला चिकटलेली ती जागा आणि गच्चीवरची पत्र्याची खोली, या दोन ठिकाणी मराठवाड्यातलं जेवढं गाणं गेलं तेवढं भंगारातही गेलं नसेल, असं मला वाटतं. लोखंडी ट्रंकेचंही तसंच. तिच्यात रेकॉर्डी एकीवर एक आडव्या रचलेल्या असतात, वरच्यांचा सगळा भार खालच्यांवर, आणि पत्रा तापलेला.

ज्यांच्याकडे अजून माळवदाचं घर शाबूत आहे त्यांनी मधल्या खोलीचा विचार जरूर करावा. लाकडावर पांढऱ्या मातीचा तो जाड थर जे काम करतो ते स्लॅबला जमत नाही. एवढंच, की माळवदाची माती झरते. कपाटाला वरून पक्की फळी हवी आणि तिच्यावर एक जुनं लुगडं.

कूलरबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. उन्हाळ्यात कूलर लावला की खोली गार होते, पण हवा दमट होते. दारं-खिडक्या बंद ठेवून चालवला तर ऐन मेमध्ये कव्हरांना पावसाळ्यासारखा वास येतो. बोअरचं पाणी जड असेल तर त्याच्या बारीक तुषारांबरोबर पांढरा क्षारही येऊन बसतो. कूलर चालवा, पण त्याचा झोत कपाटाकडे नको आणि समोरची एक खिडकी उघडी हवी.

आता कपाट. आमचे सुतारकाका पहिल्यांदा मोजमाप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "पुस्तकाचंच ना ताई? मग अर्धा इंची प्लाय लई झाला." मी त्यांच्या हातात पंचवीस-तीस एलपींचा एक गठ्ठा दिला. त्यांनी तो तोलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "हे वजनच वेगळं हाय." कव्हरासकट एक एलपी पावशेराच्या आसपास भरते. तीन फुटांची एक फळी दाबून भरली की तिच्यावर सिमेंटच्या गोणीएवढं वजन सहज बसतं, तेही कायमचं. अर्धा इंची फळी वर्षा-दोन वर्षांत मधोमध पोट काढते, आणि फळी झुकली की तिच्यावरच्या रेकॉर्डी मधल्या खळग्याकडे कलतात. म्हणजे टाळायचं तेच झालं.

म्हणून सहा सुती प्लाय, म्हणजे पाऊण इंची, आणि सलग फळी तेरा-चौदा इंचांपेक्षा लांब नाही. तेवढ्या अंतरावर उभी फळी आलीच पाहिजे. एलपीचं कव्हर साडेबारा इंचांच्या आतच असतं, तेव्हा खणाची आतली उंची साडेतेरा इंच ठेवली की वरून बोटं जातात. खोली साडेबारा-तेरा इंच पुरे, जास्त ठेवली तर रेकॉर्डी मागे जाऊन दडतात. पाठीला फळी हवी, नाहीतर भरलेलं कपाट एका अंगाला झोलतं. खाली चार-सहा इंचांचा पाया, कारण शहाबादी फरशी पुसताना पाणी मागे जातंच. आणि भिंतीपासून दोन इंच सुटं. आपल्या काळ्या मातीत वाळवी कुठून वर येईल याचा नेम नाही, पण त्या दोन इंचांत तिची मातीची नळी चढताना बॅटरीच्या उजेडात दिसते. ते दोन इंच कपाट चिकटवून वाचवू नका.

काचेची दारं मला आवडत नाहीत. आत हवा कोंडते. मांजरपाटाचा पडदा लावला, तो महिन्या-दोन महिन्यांनी धुतला, की धुळीचं काम भागतं. आणि पॉलिश केलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत कपाट रिकामं राहू द्या.

खण भरायचा कसा, यावर मी खूप बोलते आणि लोक कंटाळतात, पण सगळं इथंच ठरतं. रेकॉर्डी ताठ उभ्या हव्यात, आणि एकमेकींना आधार देण्याइतक्या जवळ हव्यात. दोन बोटांनी एक कव्हर वर उचला. शेजारचं कव्हर त्याच्याबरोबर ओढलं जात असेल तर खण गच्च झालाय, त्यातल्या चार-पाच काढा. गच्च खणात कव्हरावर आतल्या तबकडीचं गोल कडं उमटतं आणि चित्र तिथंच झिजतं. उलट कव्हर उचलल्याबरोबर बाकीच्या कलत असतील तर खण सैल आहे. सैल खणात लाकडाचा एक ठोकळा सरकवून ठेवा, पुस्तकांना लावतात ती पातळ पत्र्याची टेकणी या वजनापुढे घसरतात. दहा इंची आणि बारा इंची एका रांगेत मिसळू नका. मोठीच्या अर्ध्याच अंगाला आधार मिळतो आणि उरलेलं अंग मोकळं पडतं.

आतल्या पिशवीचं तोंड वर, म्हणजे कव्हराच्या तोंडाशी काटकोनात, असं ठेवलं की धूळ आत जात नाही आणि काढताना तबकडी निसटून पडत नाही. जुनी कागदी पिशवी पिवळी पडून तिचा भुगा होत असेल तर पॉलिथिनची नवी घाला, पण जुनी फेकू नका, कव्हरातच मागे सरकवा. तिच्यावरच्या जाहिरातीसुद्धा त्या काळाची नोंद आहेत. बाहेरून जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, वर्षानुवर्षांनी त्यांचा अंश तबकडीवर धुक्यासारखा बसतो. हल्ली नव्यानं निघालेल्या एलपी ताणलेल्या पातळ प्लास्टिकमध्ये येतात. ते वेष्टन उन्हाळ्यात आणखी आवळतं. आणल्याबरोबर काढून टाका. डांबरगोळ्या कपड्यांच्या कपाटात ठीक, प्लास्टिकच्या संगतीत नकोत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर कपाटाखाली, कव्हरात नाही, कारण वाळला की त्याचा चुरा होतो.

78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं मात्र सगळं वेगळं. एलपी 1948 साली आली, त्याच्या आधीचं जग या तबकड्यांचं. आपल्याकडे 1902 मध्ये गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हापासून पुढची कित्येक दशकं गाणं याच तबकड्यांवरून घरोघरी गेलं. त्या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत, म्हणजे लाख आणि दगडाची भुकटी. त्या वाकण्याआधी फुटतात. त्यांनाही उभंच ठेवायचं, पण सगळ्यांत खालच्या खणात, जाड पुठ्ठ्याच्या पिशवीत, आणि एका वेळी एकच काढायची. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांना स्पिरिट लावू नका. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात ना? तुमच्या तबकडीचंही तेच होईल, आणि खोबणींबरोबर आतलं गाणंही पुसलं जाईल. साधं शुद्ध पाणी, मऊ फडकं, मधल्या कागदाला थेंब न लागू देता, आणि लगेच कोरडं करणं, एवढंच.

लावायच्या कुठल्या क्रमानं हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्याकडे शास्त्रीय गायक-वादकांच्या नावानं, सिनेमा सिनेमाच्या नावानं, आणि भजनं-कव्वाल्या वेगळ्या खणात आहेत. जुन्या पातळ कव्हरांच्या कडेवरचं नाव झिजलेलं असतं, म्हणून मध्ये पुठ्ठ्याच्या पाट्या घालून त्यांवर ठळक अक्षरांत लिहा, नाहीतर एका रेकॉर्डीसाठी वीस उपसल्या जातात.

आणि ज्यांच्या तबकड्या अजून गावाकडच्या माळ्यावर आहेत त्यांना एकच विनंती: मार्चच्या आत खाली उतरवा. कपाट व्हायचं असेल तर होऊ द्या, तोवर टोमॅटोच्या क्रेटमध्ये उभ्या करून मधल्या खोलीत ठेवल्या तरी चालतील. शहरात आणायच्या असतील तर पहाटे निघा. डिकीत टाकून वाटेत जेवायला थांबू नका, उन्हात उभ्या बंद गाडीत पारा सहज 60 च्या वर जातो. घरी आल्यावर पुसायची घाई नको. धूळ पावसाळ्यापर्यंत थांबेल. त्या दिवशी फक्त सगळ्या ताठ उभ्या करा.