काकवी, मुंग्या आणि फाइन आर्ट्‌स

रविवार, रात्रीचे साडेनऊ

ऊन कलायची वाट बघत बसलो आणि शेवटी पाचला निघालो. बडोद्याच्या फाइन आर्ट्‌सला, म्हणजे विद्यापीठाच्या कला फॅकल्टीत, मुलांच्या कामांचा वार्षिक डिस्प्ले लागलाय. दांडिया बाजारातून रिक्षाने दहा-बारा मिनिटं. पण बँकेतून निवृत्त होईपर्यंत मी तिथे फक्त नवरात्रात जायचो, गरबा बघायला. बाबांच्या लेखी फाइन आर्ट्‌स म्हणजे गणितात गटांगळ्या खाल्लेल्या मुलांची सोय. त्यांनी फक्त एकाच माणसाला त्यातून सूट दिली होती, ती बेंद्र्यांना. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, म्हणजे आपले! १९४९ साली विद्यापीठ झालं, पुढच्या वर्षी ही फॅकल्टी निघाली आणि बेंद्रे इथे चित्रकला शिकवायला आले. बाबांनी त्यांचं एकही चित्र पाहिलं नव्हतं. अभिमान मात्र पुरेपूर.

मला स्वतःला जवळचे वाटतात ते भूपेन खख्खर. मुंबईचा चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये इथे आला, कलासमीक्षा शिकला, चित्रकार म्हणून नाव झालं तरी कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत राहिला. जमाखर्चाचा माणूस चित्रं काढू शकतो हे कळलं तेव्हा मी पंचावन्नचा होतो. तोवर फार उशीर झाला होता असं नाही, पण मी काढली नाहीत ते नाहीतच.

तर डिस्प्ले. शहरातल्या गॅलरीत काच ढकलून आत जायचं म्हटलं की मला अजून चप्पल कुठे काढू असं होतं. इथे तसं होत नाही. वर्षभर ज्या खोलीत ही मुलं राबतात तीच खोली झाडूनपुसून, खिळ्यांची भोकं बुजवून, पांढरा रंग मारून तयार करतात आणि आपलं काम तिथेच टांगतात. भिंत कोरी होते, पण फरशी सगळं सांगते. रंगाचे ओघळ, शाईचे ठसे, टर्पेंटाइनचा वास. शिल्पाच्या बाजूला तर झाडांच्या पानांवरसुद्धा संगमरवराची पूड होती. एका मुलाचं लोखंडी काम बघताना मी मागे सरकलो आणि पायाखाली वेल्डिंगच्या कांडीचं थोटूक आलं. ते कामाचा भाग असेल म्हणून घाबरून पाय उचलला. मुलगा हसला, म्हणाला, नाही अंकल, वो कचरा है.

पेंटिंगच्या खोल्या भराभर उरकल्या. खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी चित्रं मला एकाच माणसाने काढल्यासारखी वाटली. मोठा कॅनव्हास, मधोमध एकटा माणूस, मागे अर्धवट इमारत. शेजारी इंग्रजीतला लांबलचक मजकूर. मजकूर आधी वाचायचा आणि मग चित्राकडे बघायचं ही माझी खोड आहे, बँकेची. व्हाउचर आधी, नोटा नंतर.

अडकलो ते प्रिंटमेकिंगमध्ये, म्हणजे छापचित्रांच्या विभागात. एका कोपऱ्यात भिंतीला टेकून टेबल, टेबलाच्या चारही पायांभोवती खडूने ओढलेली पांढरी वर्तुळं. मुंग्यांचा खडू! वर भिंतीवर अकरा छापे आणि टेबलावर काचेची बाटली, आत काळपट तांबूस दाट काहीतरी. वास घेतला आणि तोंडाला पाणी सुटलं. काकवी.

बाजूला स्टुलावर बसलेली मुलगी मोबाइलवर आईशी मराठीत बोलत होती. फोन संपल्यावर विचारलं, कुठली गं तू? सांगली जिल्हा. वडिलांचं गुऱ्हाळ होतं, सहा वर्षांपूर्वी बंद केलं. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस मिळेना, ऊस कारखान्याला घालणं सोपं. मी म्हटलं, मी बघतो आरामात, तू बस, वांधो नाही. ती खळखळून हसली. "काका, बडोद्याची मराठी ऐकून चार वर्षं झाली, तरी हसू येतं."

मग तिने सगळं समजावून दिलं. एचिंगमध्ये शुगर लिफ्ट म्हणून एक रीत असते. जस्ताच्या पत्र्यावर साखरेच्या घट्ट पाकात शाई मिसळून ब्रशने चित्र काढायचं. ते वाळलं की वरून सगळ्या पत्र्यावर अ‍ॅसिड न लागणारा थर द्यायचा. मग पत्रा गरम पाण्यात ठेवायचा. साखर फुगते, वरचा थर घेऊन निघून येते आणि जिथे ब्रश फिरला होता तेवढाच पत्रा उघडा पडतो. त्यावर राळेची बारीक पूड चिकटवून घ्यायची, पत्रा पातळ केलेल्या अ‍ॅसिडमध्ये सोडायचा, उघडा भाग खाल्ला जातो, तिथे शाई धरते, दाबयंत्रातून कागद काढला की छापा. म्हणजे ज्याने चित्र काढलं ती साखर शेवटी उरतच नाही. हिने साखरेच्या जागी काकवी वापरली. साखर फार शहाण्यासारखी वागते म्हणे, काकवी ओघळते, कडा फाटतात. तेच तिला हवं होतं. कागदही घरचा. गावाहून रस काढून उरलेली उसाची चिपाडं आणून, तुकडे करून, कॉस्टिक सोड्यात शिजवून, कुटून, जाळीवर ओतलेला. जाड, पिवळसर, मधे मधे धागे. गुऱ्हाळात हीच चिपाडं वाळवून चुलवाणात जाळतात.

मुंग्यांचं असं झालं की पत्रे रात्री वाळत ठेवले आणि सकाळी तीन पत्र्यांवरचं चित्र मुंग्यांनी जागोजागी पोखरलेलं. रडली. मग त्यातला एक तसाच अ‍ॅसिडमध्ये घातला. तो छापा भिंतीवर सगळ्यात डावीकडे आहे. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, मुंग्या कामाचा भाग आहेत का? हिने सांगितलं, नाही सर, मुंग्या मुंग्या आहेत. मला हे उत्तर फार आवडलं. शेजारी मजकूर लिहायचा असता तर तिनेही "निसर्गाचा हस्तक्षेप" वगैरे लिहिलं असतं बहुधा.

इथल्या मास्तर मंडळींचं जुनं वळण त्यात आहे असं मला वाटलं, चुकीचं असेल. के. जी. सुब्रमण्यन यांनी इथल्या फाइन आर्ट्‌स फेअरसाठी लाकडाची खेळणी केली होती, मोठा कलावंत जत्रेत खेळणी विकायला मांडतो यात कुणाला कमीपणा वाटला नाही. हातातली वस्तू घ्यावी आणि करून बघावं. नाहीतर सयाजीरावांच्या कलाभवनात फाळके काय काय शिकत बसले होते, सिनेमा तर अजून जन्मायचा होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. शुगर लिफ्ट, चिपाडाचा कागद, मुंग्या. पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. तिचं माहेर शिरोळचं, मामांचं गुऱ्हाळ होतं, थंडीत सगळी पोरं तिथेच पडलेली असायची. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "काहील काढलीय का?"

काढलीय ना. मधल्या मोठ्या छाप्यात रस उकळायची ती मोठी कढई, काहीलच तर आहे.

"कड्या किती काढल्यात तिला?"

मी थांबलो. अर्धा तास त्या कोपऱ्यात उभा होतो. बाटलीचा वास आठवतो, खडूची वर्तुळं आठवतात, जस्ताच्या पत्र्याचं सगळं शास्त्र आता मी दुसऱ्याला शिकवीन. काहीलीला कड्या होत्या की नव्हत्या तेसुद्धा आठवेना. दोन असतील म्हटलं.

"दोन कड्यांवर उकळती काहील उचलतात होय?" ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

डिस्प्ले उद्या संध्याकाळपर्यंत आहे. साडेचारला रिक्षा सांगितलीय, दोघांसाठी. हिचा चष्मा मात्र आठवणीने घ्यायला हवा, मागच्या वेळी म्युझियमला विसरली होती.