तो उठला आणि त्यानं गुडघे झटकले

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका निर्मात्याला त्याच्या माहितीपटासाठी इटलीतल्या लढाईची वीस सेकंदं हवी होती. १९४३-४४ चा हिवाळा, अमेरिकी पायदळ, डोंगराळ भाग. अट एकच होती: "लढाई खरी हवी."

असं जुनं चित्रण शोधून देणं हेच माझं काम. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची मोठी इमारत आहे. पिशवी, कोट, पेन सगळं खाली लॉकरमध्ये ठेवायचं आणि फिल्म बघायच्या खोलीत जाऊन बसायचं. नऊ वर्षं झाली, आठवड्यातले दोन-तीन दिवस माझे तिथेच जातात. सैन्याच्या सिग्नल कोअरनं, म्हणजे संदेशवहन आणि चित्रण सांभाळणाऱ्या विभागानं, दुसऱ्या महायुद्धात जे काही टिपलं, त्याची न कापलेली रिळं इथे आहेत. सरकारी नोकरीत असताना काढलेलं हे चित्रण, त्यामुळे त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. म्हणूनच ते जगभरच्या माहितीपटांत सारखं दिसतं. पण कॅमेरामननं रिळासोबत लिहून पाठवलेला कागद मात्र बहुतेक वेळा मागेच राहतो. कुठे, कधी, कोणती तुकडी, काय चाललं होतं, हे सगळं त्या कागदावर असतं.

हातमोजे घालून रीळ टेबलावर चढवलं. पस्तीस मिलिमीटर, कृष्णधवल, मूक. आघाडीवरचं बहुतेक चित्रण मूकच आहे. कॅमेरामनच्या हातात चावी भरून चालवायचा आयमो नावाचा कॅमेरा असायचा. त्यात शंभर फूट फिल्म बसायची, म्हणजे जेमतेम मिनिटभराची. मिनिट संपलं की आडोसा शोधून नवं रीळ भरायचं, तेही गोळ्या चालू असताना. म्हणून या लोकांचा एकेक फूट मला मोलाचा वाटतो.

शॉटआधी धरलेली पाटी दिसली: जानेवारी १९४४. मग खडकाळ उतार, ऑलिव्हची झाडं, दगडी बांध. आठ-दहा शिपाई वाकून वर चढताहेत. धूर. उजवीकडचा एक जण अडखळला, बंदूक हातातून सुटली आणि तो तोंडावर पडला. मागचे दोघे त्याला ओलांडून पुढे गेले. असा शॉट महिनोन्‌महिने शोधूनही मिळत नाही. मी वेळ टिपून ठेवली, निर्मात्याला आत्ताच कळवावं म्हणून उठलेही.

पण रीळ चालूच होतं. चार-पाच सेकंदांनी पडलेल्या माणसानं मान वर केली. कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारलं. "झालं का?" असंच असावं. मग तो उठला, दोन्ही गुडघ्यांवरची माती झटकली, हेल्मेट सरळ केलं आणि हसत उतारावरून खाली निघाला.

मी खाली बसले. रीळ उलटं फिरवलं. तो पाठमोरा वर चढत आला, जमिनीवर आडवा झाला, मग ताडकन उभा राहिला, बंदूक उडून त्याच्या हातात आली. पुन्हा सरळ चालवलं. पुढचा शॉट त्याच उताराचा, तोच माणूस. या वेळी तो बांधाजवळ पडला.

खरं म्हणजे पहिल्याच नजरेत लक्षात यायला हवं होतं. शिपायांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. म्हणजे कॅमेरा त्यांच्या पुढे, उताराच्या वरच्या अंगाला होता. खऱ्या हल्ल्यात तिथे जर्मन असते. खऱ्या चकमकीतला कॅमेरामन जमिनीला चिकटून मागे असतो. त्याला दिसतात पाठी, बुटांच्या टाचा आणि लांबवरचा धूर. चेहरे दिसले की आधी तारीख बघायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी तीच विसरले.

आता कागद मागवला. ३६ वी डिव्हिजन, १४३ वी रेजिमेंट, सान पिएत्रोजवळ. मग तारीख बघितली. सान पिएत्रो गावासाठीची लढाई ८ डिसेंबर १९४३ ला सुरू झाली आणि १७ तारखेपर्यंत जर्मन तिथून निघून गेले. पाटी जानेवारीची. कागद मागवला. ३६ वी डिव्हिजन, १४३ वी रेजिमेंट, सान पिएत्रोजवळ. आणि कागदावर पुढे कॅमेरामननं सरळ लिहून टाकलं होतं की ही हालचाल चित्रणासाठी पुन्हा करून घेतली आहे. त्यानं काही लपवलेलं नव्हतं.

हे गाव आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन ह्युस्टन तेव्हा सैन्यात कॅप्टन होते. त्यांचा या लढाईवरचा माहितीपट १९४५ मध्ये आला आणि रणांगणाचं सर्वात खरं चित्रण म्हणून कित्येक वर्षं वाखाणला गेला. पुढे अभ्यासकांनी न कापलेली रिळं ताडून बघितली, तेव्हा कळलं की त्यातली लढाईची बहुतेक दृश्यं नंतर करून घेतलेली होती. माझ्यासमोरचं रीळ त्याच डोंगरांतलं होतं.

निर्मात्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तो मान वर करायच्या आधी कापा ना. आजवर सगळे तेच करत आलेत." मी नाही म्हटलं. माझ्या यादीत त्या शॉटपुढे 'पुनर्चित्रण' असं लिहिलेलं असेल आणि ते मी काढणार नाही, एवढंच सांगितलं. फोन ठेवताना दोघांचेही आवाज चढलेले होते.

दुपारी दुसरं रीळ लावलं. त्यात मृतदेह होते. गादीच्या पांढऱ्या खोळी, एकापुढे एक मांडलेल्या. दोन शिपाई एका खोळीचं तोंड दोरीनं बांधत होते. त्यातल्या एकाची बोटं थंडीनं आखडली असावीत, गाठ काही बसेना. त्यानं ती तीनदा बांधली. इथे कुणी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं.

मग माझ्या मनानं तारखा जुळवल्या. २० जानेवारी १९४४ ला याच १४३ व्या रेजिमेंटला रापिदो नदी ओलांडायला पाठवलं गेलं. समोरच्या काठावर जर्मनांची पक्की मोर्चेबंदी, पाणी वेगवान आणि बर्फासारखं गार. दोन दिवसांच्या त्या हल्ल्यात ३६ व्या डिव्हिजनचे १,६८१ जण मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. गुडघे झटकून हसत उतरणारा माणूस महिन्यापूर्वी त्याच डोंगरावर खरा चढला असेल, आणि काही दिवसांनी त्याला नदीकाठी जायचं होतं. त्याच्या पडण्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि खरं म्हणून विकायलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला. म्हटलं, कापू नका. पूर्ण घ्या, तो उठतो तेही घ्या, खाली तारीख लिहा, आणि त्यानंतर रापिदो सांगा. निर्माता बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सगळं मिळून किती होतं?"

एकतीस सेकंदं.

ती त्यानं घेतली, तारखेसकट.

कागदावर त्या शिपायाचं नाव नाही. त्या महिन्यातली त्या रेजिमेंटची आणखी रिळं आहेत, ती मी माझ्या सुट्टीच्या दिवशी बघते आहे. अजून तरी तो दिसलेला नाही. चार रिळं बाकी आहेत, गुरुवारी मागवली आहेत.