जी१३बीबी बिल्ड, नोंद ३: ठोका खाली, दोष वर

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इंजिन मारुती एस्टीमचं, १६ व्हॉल्व्हचं, मूळ १२९८ सीसी. बोअर ७४ वरून ७४.५ केल्यावर १३१६ झालं. फोर्ज्ड पिस्टन, जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम, हेड घासून कॉम्प्रेशन रेशो १०.५, पोर्ट मोठे केलेले, आरपीएमची मर्यादा ७,५००. वापर मातीच्या ट्रॅकवर, ऑटोक्रॉससाठी (वेळेविरुद्धची गाड्यांची शर्यत). हे 'मातीच्या' पुढे महत्त्वाचं ठरतं.

लक्षणं तीन. इंजिन गरम झाल्यावर अडीच-तीन हजारांवरून ॲक्सिलरेटर सोडला की खालून ठोका, निळसर धूर, आणि आयडलला लुकलुकणारा ऑइलचा दिवा.

दिव्याचा निदानाला उपयोग नाही; प्रेशर जवळजवळ संपल्यावरच तो लागतो. ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावला. ऑइल पूर्ण गरम असताना ४,००० आरपीएमला २.३ किलो (प्रति चौरस सेंमी; पुढेही किलो म्हणजे हेच). मॅन्युअलप्रमाणे ३.३ ते ४.३ हवं. थंड इंजिनावर हाच काटा छान चार दाखवतो, म्हणून थंड रीडिंग लिहूनही ठेवू नये.

ठोक्याचा सिलिंडर शोधण्यासाठी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढला. प्लगची वायर काढण्यापेक्षा हे बरं, कारण न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन नेत नाही. चौथ्याचा कनेक्टर काढताच ठोका निम्म्यावर आला, म्हणजे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग). मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये धरणारं) असतं तर आवाज जास्त घोगरा असता आणि एक सिलिंडर बंद करून फारसा बदलला नसता. पिस्टन बोअरवर आपटत असेल तर उलट थंडपणी जास्त वाजतो.

कॉम्प्रेशन टेस्ट: चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. आकडे ११.२, ११.०, ११.१ आणि ९.६ किलो. मॅन्युअलची किमान मर्यादा १२, म्हणजे कागदावर चारही नापास! पण मोठ्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. स्टार्टरच्या वेगात पिस्टन वर येताना बरीच हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते, आणि रेशो वाढवूनही रीडिंग कमी येतं. असा कॅम असेल तर स्टँडर्ड आकड्याशी तुलना करून हेड उतरवू नका, आपसातला फरक बघा. तो १ किलोपेक्षा जास्त नको. इथे १.६ आहे. चौथ्यात ५ मिली ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर ११.३. व्हॉल्व्ह गळत असता तर ऑइलनं एवढा फरक पडला नसता.

खात्रीसाठी लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजणं. ७ किलो हवा, पिस्टन नेमका वरच्या टोकाला. थोडाही पुढे-मागे असेल तर क्रँक फिरतो, तेव्हा पाना काढायला विसरू नये. गळती ८, ९, ८ आणि २७ टक्के. चौथ्याची हवा डिपस्टिकच्या नळीतून सूं सूं येत होती. एक्झॉस्ट आणि थ्रॉटल गप्प, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. रिंग किंवा बोअर.

ऑइल फिल्टर कापला. हॅक्सॉनं नाही, कटरनं, नाहीतर आपलाच बुरादा तपासत बसाल. कागद उलगडून धुतला. चुंबकाला थोडी काळी पूड चिकटली, ती रिंग-बोअरची. न चिकटणारी तांबूस चमचम जास्त होती. या बिल्डमध्ये तीन थरांची बेअरिंग आहेत, त्यामुळे तांबूस दिसलं की वरचा मऊ थर संपून मधला थर उघडा पडला असं समजायचं. इथे इंजिन उतरवलं.

चौथ्याचा वरचा बिग एंड शेल (बेअरिंगचा अर्धा भाग) मधोमध तांबूस झालाय, खालचा बऱ्यापैकी शाबूत. ऑइल तुटलं असतं तर दोन्ही शेल पुसले गेले असते, जळून काळे पडले असते. फक्त वरचा खाल्लाय म्हणजे वरून हातोडा बसलाय: डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट. प्लगच्या पांढऱ्या चिनीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आहेत, तेही तेच सांगतात. बाकी तीन जोड्यांवर बारीक, समांतर रेघा. प्लास्टिगेजनं (बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायचा मऊ धागा) १ ते ३ ची क्लिअरन्स ०.०६ ते ०.०७ मिमी, चौथ्याची ०.१० च्या वर. नवं ०.०२ ते ०.०५, मर्यादा ०.०८.

चौथ्या बोअरमध्ये नवी टॉप रिंग तळाशी सपाट बसवली तर तिच्या टोकांमधली गॅप ०.३० मिमी, वर, रिंग जिथे चालते तिथे ०.५८. फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यास ०.०९ नं वाढला. बोअर गेज: तळाशी ७४.५२, वर थ्रस्ट बाजूला (जिकडे पिस्टन भिंतीवर रेलतो) ७४.६३, क्रँकच्या दिशेला ७४.५९. सरासरी जुळते. बोअर गेज नसेल तर रिंगची ही युक्ती पुरते, फक्त अंडाकृती झीज ती दाखवत नाही.

पण चौथाच का? उत्तर इनटेक मॅनिफोल्ड काढल्यावर मिळालं. पोर्ट रुंद करताना चौथ्याच्या खालच्या कडेला गॅस्केटला जेमतेम दीड मिलिमीटर जागा उरली होती. तिथून गॅस्केट आत ओढलं गेलंय आणि पोर्टमध्ये तांबड्या मातीचा पट्टा आहे. एअर फिल्टर स्वच्छ, धूळ त्याच्या मागून आत. धुळीनं रिंग झिजल्या, ऑइल वर चढू लागलं. जळणात मिसळलेलं ऑइल पेट्रोलचा ऑक्टेन पाडतं, आणि १०.५ रेशोला तेवढं पुरे होतं. तीच धूळ रिंगांवरून सम्पमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) उतरली आणि बाकीच्या बेअरिंगांवर रेघा ओढून गेली, म्हणून प्रेशरही पडलं. आयडलला मॅनिफोल्डच्या कडेनं कार्ब क्लीनर फवारला असता तर आरपीएम हललं असतं आणि हे दोन मिनिटांत कळलं असतं. मॅनिफोल्ड बसवल्यावर ही चाचणी झालीच नव्हती.

सध्याची स्थिती: ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात. भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजून पुरेशी भरली तर चारही बोअर ७५ च्या पिस्टनला, म्हणजे १३३४ सीसी. क्रँकपिन घासून ०.२५ मिमी अंडरसाइज; ग्राइंडरला पिनच्या कडेची गोलाई राखायला बजावलंय, तिथे चौकोनी कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तडकतो. ऑइल पंपाच्या रोटरची साइड क्लिअरन्स ०.१२ भरली, मर्यादा ०.१५, पण बॉडीवर रेघा असल्यानं पंप नवाच. क्रँकची ऑइलची भोकं आणि ब्लॉकच्या गॅलरी (ऑइलच्या वाटा) ब्रशनं धुणं बाकी. चौथ्या पोर्टची कड वेल्डिंगनं भरून पुन्हा सपाट करायची आहे. त्याआधी गॅस्केट मागवण्यात अर्थ नाही.